अकोल्याला जी नाचली तिचं नाव

चांदभाई, तुझ्या मातीला मी आलो होतो. वलगावच्या कबरस्तानाबाहेर लिंबाला सायकल टेकवून मागेच उभा होतो, तर तुझ्या जावयानं हात धरून पुढे नेलं. "मास्तर, तुमी मागं काहून उभे?" म्हणाला. मी तीन मुठी माती टाकली. रडू आलं नाही. येईल असं वाटलं होतं, म्हणून धुतलेला रुमाल खिशात ठेवला होता. तो घडी न मोडता तसाच घरी आणला.

एक गोष्ट मात्र खटकली. तुझ्या अंगावर शेवंतीची चादर होती ना, तिच्या गाठी सैल होत्या. माणसांनी खांदा बदलला की चार फुलं गळायची. तू असतास तर तिथल्या तिथं जावयाची खरडपट्टी काढली असतीस, "हे काय ओवलं बे? बैलाच्या गळ्यात घालाले केलं काय?" मला ते ऐकू आलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण ऐकू आलं.

साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "मास्तर, चांदभाईवर तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, समाजकार्य, असं थोडक्यात. लढाईमुळे कागद मिळत नाही." मी म्हटलं, जन्म कधीचा ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शिक्षण म्हणाल तर फुलं ओवण्यापलीकडे नाही. आणि समाजकार्य हवं असेल तर अमरावतीतला असा एक वकील, एक गवई, एक पहिलवान दाखवा, ज्याच्या गळ्यात त्याचा हार पडलेला नाही. थोडक्यात जमणार नाही. अख्खं पान द्या, नाहीतर दुसरा कोणी बघा. ते पान देतो म्हणाले. पान कशाला हवं हे मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतो. तुझं एक काम माझ्याकडे अडलं होतं. एका मुलीचं नाव छापायचं होतं. पंधरा वर्षं तू ते मागत आलास आणि पंधरा वर्षं मी टाळत आलो.

तुला हे सगळं ठाऊक आहे, पण पान छापलं जाणार आणि वाचणारे परके असणार, म्हणून सांगावं लागतं. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि साप्ताहिकात नाटकांवर, गाण्यांवर लिहायचो. तू नाटकगृहाच्या फाटकाशी टोपली घेऊन बसायचास. मी तुला अरे-तुरे करायचो, तू मला 'तुमी' म्हणायचास. वयानं तू दोन-तीन वर्षांनी मोठाच असशील. यात काही उलटं आहे असं मला कधी वाटलं नाही. आता लिहिताना वाटलं.

आपल्या नाटकगृहाची एक रीत होती. ज्याला जे पात्र आवडलं त्याच्यासाठी त्यानं मध्यंतरात तुझ्याकडून हार घ्यायचा, पात्र सांगायचं, आणि तू पडद्यामागे जाऊन तो हार त्या गळ्यात घालून यायचास. दुसऱ्या दिवशी देणाऱ्याला रस्त्यात गाठून पोच द्यायचास, "वकीलसाहेब, तुमचा हार राणीले पोचला. सलाम सांगतला." हार चुकीच्या गळ्यात गेला असं कधी झालं नाही. राणीचं काम करणारा बाप्या लुगडं खोचून शिपायांच्या घोळक्यात विडी ओढत बसलेला असला, तरी तू बरोबर त्याच्यापाशी जायचास. मी एकदा विचारलं, कसं रे ओळखतोस? "म्या चेहरा नाई पाहात," तू म्हणालास, "डोये पाह्यतो. रंग समद्याईले सारखा, डोये ज्याचे त्याले." आणि वर मला चिडवायचास, "मास्तर, तुमी काय लिवाचं ते लिवा, पब्लिकचं मत माह्या टोपलीत असते." मला राग यायचा, कारण बहुतेक वेळा ते खरं असायचं.

तर अशा आपल्या गावात ती विलायती नाचाची मंडळी आली. मुंबईहून कलकत्त्याला चालली होती, मधे बडनेऱ्याला कोणीतरी उतरवून घेतली. जाहिरातीत 'बॅले' असा शब्द होता. मॅनेजरनं जाहिरातीचं आणि गोष्टीचं मराठी करायला मला बोलावलं, म्हणून मला सगळं आधीच माहीत. राजाच्या बागेत एक संगमरवरी पुतळा असतो. बागेतला माळी त्या पुतळ्यावर जीव लावतो. वसंतात एका दिवसापुरता पुतळा जिवंत होतो, माळ्याबरोबर नाचतो, आणि सूर्य मावळला की पुन्हा दगड. बस्स. बोलणं नाही, गाणं नाही, सगळं पायांनी सांगायचं. पुतळ्याच्या कामात मादाम वेरा, असं मोठ्या अक्षरांत. ती रशियाची असं कोणी म्हणे, कोणी म्हणे फ्रान्सची. मी इंग्रजीचा मास्तर म्हणून लोक मला विचारत, आणि मी विचारणाऱ्याचं तोंड बघून काहीतरी एक सांगत असे.

अमरावतीला खेळ तीन झाले. पहिल्या दिवशी पडदा वर गेला, थोड्या वेळानं ती बाई पायाच्या अंगठ्यावर उभी राहिली, आणि सगळ्या थिएटरात "बाप्पा!" झालं. बायकांच्या सज्ज्यात तर सभाच भरली. माझी बायको तिथं होती, तिनं घरी येऊन सगळं सांगितलं. एक म्हणे, "अव माय, अंगठा मोडन ना तिचा!" दुसरी म्हणे, "अंगठ्याचं सोड, हिले घरी कोनी जेवू घालते का नाई? हाडं मोजून घ्या." तिसरीचं म्हणणं की पोटऱ्या एवढ्या उघड्या आणि चेहरा असा, जशी देवळात बसली आहे. पुतळ्यात जीव आला तशी एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अहिल्या हाय व ही, अहिल्या!" मग सगळ्या सज्ज्याला गोष्ट समजली. माझं भाषांतर कोणी वाचलंच नव्हतं.

खाली तालमीतली पहिलवान मंडळी होती. त्यांचे वस्ताद अंकभर नाचणाऱ्यांच्या पोटऱ्यांकडेच बघत होते आणि शेवटी निकाल दिला, "बैठका. रोजच्या. त्याच्याबिगर असा पाय होत नाई." माळ्याचं काम करणारा उंच गोरा गडी मादामला एका हातावर डोक्याच्या वर धरून चालला, तेव्हा वस्ताद उभे राहून "शाब्बास पठ्ठे!" म्हणाले. वकीलमंडळींना मादाम पसंत पडली. एक जण मला म्हणाले, "व्याकरण काय शुद्ध आहे हो!" आणि उरलेल्या सगळ्या गावाला आवडला तो ढेरीवाला म्हातारा राजा, जो नाचता नाचता बसकण मारायचा. तुझी अर्धी टोपली त्याच्याच गळ्यात गेली. तू स्वतः मात्र माळ्यावर चिडला होतास. "मास्तर, हा आपल्या धंद्यातला मानूस म्हनते, आन् गुलाब पाकयाईले धरते? देठ कायले देला मंग देवानं?"

आणि मादाम? मी विचारलं. तू जरा विचार केलास. "साफ हाय. चांगली हाय. पन ते पब्लिककडे पाहून नाई राह्यली. घड्यायाकडे पाहून राह्यली." माझंही तेच मत होतं. मी जरा बऱ्या शब्दांत लिहिलंही तसंच, की मादाम वेरा यांचं नृत्य निर्दोष असून थंड आहे.

मग मंडळी आल्या वाटेनं मागे अकोल्याला निघाली. तिथं एकच खेळ होता. चैत्र संपत आलेला, ऊन म्हणजे नुसती आग. मनासारखं थिएटर मिळेना म्हणून जिनिंगच्या एका रिकाम्या गुदामात फळ्या टाकून स्टेज केलं होतं. हंगाम आटोपला होता, गुदाम झाडलेलं होतं, पण रुईचं गुदाम ते, झाडून झाडून किती झाडणार? मॅनेजरला हाराची रीत आवडली होती, म्हणून त्यानं तुलाही बरोबर घेतलं. तू मोगऱ्याची टोपली पळसाच्या पानांत आणि ओल्या फडक्यात गुंडाळून गाडीत माझ्या पायाशी ठेवलीस आणि बडनेऱ्यापासून प्रत्येक स्टेशनावर उतरून लोटा भरून आणलास. मी एकदा पाण्यासाठी हात पुढे केला तर म्हणालास, "थांबा ना मास्तर, पह्यले फुलं."

खेळ दिवेलागणीला सुरू झाला. आत भट्टी तापलेली. पुढच्या रांगांत कापसाचे दलाल आणि अडते दुपट्ट्यानं वारा घेत बसलेले. पुतळ्यानं पहिली उडी घेतली तशी फळ्यांच्या फटींतून रुई उडाली. पांढरे तंतू दिव्यांच्या उजेडात वर गेले आणि खाली यायलाच तयार नाहीत. माझ्या पुढचा दलाल म्हणाला, "अबे, हे तं आपलीच रुई उडून राह्यली!" त्याच्या शेजाऱ्यानं हवेतला एक तंतू चिमटीत धरला, ओढून पाहिला आणि म्हणाला, "लंबा हाय धागा." लोक हसले. दुसऱ्या उडीला कोणी हसलं नाही. तिसऱ्या उडीला दुपट्टे थांबले.

अमरावतीला तो पुतळा जिवंत व्हायचं ठरलेलं होतं म्हणून जिवंत झाला होता. अकोल्याला तिला आधी खरंच वाटेना. तिनं एक बोट हलवून पाहिलं, मग दुसरं. मग ती स्वतःच्या मनगटाकडे अशी बघायला लागली, की माझ्या शेजारचे अडतेशेट, ज्यांनी जन्मात तमाशाखेरीज काही पाहिलं नव्हतं, ते नकळत आपलं मनगट बघायला लागले. ती दोनदा चुकली. एकदा गिरकी घेताना तोल गेला. पण सावरल्यावर ती हसली, आणि सगळं गुदाम तिच्याबरोबर हसलं. बायकांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, "कसं हरकलं माय लेकरू!" मला तेव्हा कोणाचा तरी हेवा वाटला. कोणाचा, ते मला आजही सांगता येत नाही.

शेवटी दिवे तांबडे झाले. ती चौथऱ्यावर चढली, हात वर केले, मान जराशी वळवली आणि दगड झाली. आता पडदा पडायचा, तर पडदा पडेना. त्याचा दोर कापसाच्या गाठी उचलायच्या कप्पीवरून घेतला होता आणि तो कप्पीत अडकून बसला. आतून ओढाओढीचे आवाज येत होते. वाजवणारे थांबले. पडदा पडल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नाहीत हे लोकांना नाटकांमुळे पक्कं माहीत होतं, म्हणून ते गप्प. आणि पडदा पडल्याशिवाय दगडानं हलायचं नाही, म्हणून ती गप्प. कानामागून घामाची धार गळ्यात उतरत होती. रुईचा एक तंतू तिच्या पापणीवर बसला, एक ओठावर. पापणी लवली नाही. तशी शांतता मी पुढे कोणत्याच थिएटरात ऐकली नाही.

तेव्हा तू उठलास. बाजूच्या फळीपाशी चपला काढल्यास, हे मला नीट आठवतं. मोगऱ्याचा हार घेऊन वर चढलास, सावकाश तिच्यापर्यंत गेलास, टाचा उंचावून तिच्या गळ्यात हार घातलास आणि दोन पावलं मागे येऊन उभा राहिलास. आणि गुदाम दणाणलं. लोकांना वाटलं हे खेळातलंच आहे. "खरा मायी आला!" असं कोणीतरी ओरडलं. त्या गोऱ्या माळ्यापेक्षा तू फूल बरोबर धरलं होतंस यात शंका नाही. तेवढ्यात कप्पी सुटली, पडदा धाडकन खाली आला, आणि तू आत राहिलास.

आत काय झालं ते तू मला दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत सांगितलंस. माझा लेख तोवर लिहून झाला होता, कोटाच्या खिशात होता. तू मुर्तिजापूरपर्यंत एक शब्द बोलला नाहीस, म्हणजे काहीतरी भयंकर असणार हे मी ओळखलं. मग म्हणालास, "मास्तर, ते मडम नोती."

"कोण?"

"काल नाचली थे. मडमले ऊन लागलं होतं, ते बंगल्यावर ओली चादर घेऊन पडून होती. मडमचे डोये मांजरावानी. हिचे कायेशार. म्या जवयून पाह्यले ना. ही मांगच्या रांगेत नाचे थे पोरगी. कलकत्त्याची."

तिकिटं मादामच्या नावावर गेली होती, म्हणून मॅनेजरनं तोंडाला कुलूप लावलं होतं. पांढरा रंग, पांढरे केस, कोण ओळखणार! पडदा पडल्यावर ती चौथऱ्यावरून उतरली ती मटकन खालीच बसली आणि तुझ्याकडे पाणी मागितलं. तुझ्याजवळ फुलांवर शिंपडायचा लोटा होता. तिनं तो सगळा संपवला. मग तू आपल्या रीतीप्रमाणे नाव विचारलंस, कारण हार कोणाला पोचला ते तुला सांगावं लागायचं. तिनं सांगितलं. तुला नीट यावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, हळूहळू. आणि विचारलं, "ये नाम कोई लिखेगा?"

"मंग म्या म्हनलं," तू मला म्हणालास, "लिवतीन ना! मास्तर आमचे दोस्त हायत. म्या जबान देऊन आलो, मास्तर. काढा कागद, सांगतो नाव."

कागद खिशात होता. पेन्सिलही होती. एक नाव खोडून दुसरं लिहायचं, इतकंच काम. पण त्या लेखात काय होतं ते आज ऐक, तुला मी कधी वाचून दाखवलं नाही. मी लिहिलं होतं की अमरावतीस थंड वाटलेल्या मादाम वेरा अकोल्यास पेटून उठल्या. की कलावंत एकटा काही नसतो, समोरचा प्रेक्षक त्याला घडवतो. की अमरावतीच्या शिकलेल्या प्रेक्षकानं बाईचा दगड केला आणि अकोल्याच्या भोळ्या प्रेक्षकानं दगडाची बाई केली. वा! आता या दोन बाया वेगळ्या आहेत म्हटलं तर त्यातलं उरतं काय? एक बाई बरी नाचते आणि दुसरी फार चांगली नाचते, एवढंच उरतं. आणि तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं माहीत आहे? "तेवढ्यात एक हार तिच्या गळ्यात पडला." पडला म्हणे. आढ्यावरून पडला असेल.

मी तुला म्हणालो, "चांदभाई, फुलं विकणाऱ्यानं फुलं विकावीत."

बडनेऱ्याला उतरताना टोपलीच्या तळाशी राहिलेला गजरा काढून माझ्या हातात दिलास आणि नेहमीसारखं म्हणालास, "वयनीले द्या." तो गजरा मी बायकोला दिला नाही. टांग्यातच ठेवून उतरलो. हेही तुला आजच सांगतोय.

लेख छापून आला आणि मी विद्वान झालो. खोटं नाही सांगत, त्या एका लेखावर पंधरा वर्षं विद्वान म्हणून जगलो. 'कलावंत आणि प्रेक्षक' या विषयावर व्याख्यानं सुरू झाली. अकोल्यानं तर डोक्यावर घेतलं. का नाही घेणार? मी त्यांना मादामपेक्षा मोठं करून ठेवलं होतं. खामगाव झालं, यवतमाळ झालं, एलिचपूर झालं. हेडमास्तर पाहुण्यांना "हे आमचे समीक्षक" म्हणून मला दाखवायचे. आणि अमरावतीत व्याख्यान असलं की हार तुझा. तू स्वतः येऊन घालायचास. घालताना वाकून कानाशी म्हणायचास, "मास्तर, नाव कधी छापता?" आणि नाव सांगायचास. मी मान झटकायचो. समोर टाळ्या चालूच असायच्या. मग मी उभा राहून तासभर मादाम वेरांबद्दल बोलायचो आणि तू मागच्या बाकावर बसून सगळं ऐकायचास.

एकदा मी भडकलो होतो, आठवतं? फाटकाशी उभं राहून तुला म्हणालो, "एवढंच आहे तर उठून सांग ना सभेत! मी काय तुझं तोंड धरलंय?" तू मोगरा निवडत होतास. वर न बघता म्हणालास, "म्या सांगून कोन आयकन? आन् म्या जबान तुमच्या लिवन्याची देली, माह्या बोलन्याची नाई." मी म्हटलं, मोगरा आज शिळा दिसतोय. तो ताजा होता.

तू माझ्याशी कधी वाकडा वागला नाहीस, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. माझी बायको गेली त्या सकाळी तू न बोलावता आलास. दाराबाहेर बसून अबोलीची वेणी ओवलीस आणि आत पाठवलीस. मी म्हटलं, मोगरा नाही आणलास? तू म्हणालास, "वयनीले अबोली आवडे. मोगरा तं त्या तुमच्यासाठी घेत." तीस वर्षांचा संसार, आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तू त्या मुलीच्या नावाचं काढलं नाहीस. तुझे उपकार मी कोणत्या तोंडानं मानू, चांदभाई? तेव्हा मानले नाहीत, आता मानतो.

या दिवाळीनंतर दम्यानं तुला धरलं. मी वलगावला आलो तर तू बाजेवर उशीला टेकून बसला होतास. हातात सुई-दोरा होता, पण बोटं चालत नव्हती. शेवंतीचं एकच फूल तू पुन्हा पुन्हा ओवत होतास. चहा झाला, लढाईच्या गोष्टी झाल्या. मग तू म्हणालास, "मास्तर, थे नाव आता फक्त तुमालेच मालूम हाय."

मी म्हटलं, म्हणजे?

"माह्यं डोस्कं चालून नाई राह्यलं. काल दिवसभर आठोलं, नाई आठोलं. पन म्या म्हनलं, फिकर नाई. मास्तरले इतक्या डाव सांगतलं हाय."

आणि माझ्याकडे बघितलंस. तू डोळे बघतोस हे मला माहीत होतं, म्हणून मी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बघितलं. आणि मान हलवली. हो म्हणून.

घरी येऊन मी आठवायला बसलो. छोटं नाव होतं, एवढं कळतं. पुढं काही नाही. पंधरा वर्षं तू सांगत होतास आणि मी ऐकायचंच नाही म्हणून कान मिटून घेत होतो, आणि कान मिटायचं काम मला उत्तम जमलं होतं. ट्रंकेतून त्या खेळाची जाहिरात शोधून काढली. तिच्यावर मादाम वेरा आहे, माळी आहे, ढेरीवाला राजा आहे. मागच्या रांगेतल्या मुलींची नावं नाहीत. इंग्रजीत होती. मराठी करताना मीच गाळली, जागा पुरेना म्हणून. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे येऊन खरं सांगावं असं ठरवलं. मग म्हटलं, रविवारी जाऊ. शनिवारी तुझा जावई निरोप घेऊन आला.

मातीनंतर चार दिवसांनी मी पुन्हा वलगावला गेलो. तुझ्या घरात तरी कोणाला ठाऊक असेल अशी आशा होती. भाभी दाराआडून म्हणाल्या, "हमकू क्या मालूम, मास्तर? हम कित्ते बार पूछे, उस बाई का नाम तो बोलो. तो बोलते थे, मास्तर छापेंगे तब सुन लेना. आपकू तो मालूम है ना?"

या वेळी मान हलवली नाही. "नहीं मालूम, भाभी," म्हटलं. "मैंने सुना नहीं."

आत कपबशी वाजली आणि जावई चहा घेऊन बाहेर आला. तेव्हा मला रडू आलं. रुमाल नेमका घरी राहिला होता.

हे सगळं ऐकल्यावर संपादक म्हणाले, एखादं बरंसं नाव घाला, कोणाला कळणार आहे? मी नाही म्हटलं. दुसरंच एक नाव घालून मी पंधरा वर्षं काढली आहेत. तेव्हा तुझं काम अर्धंच होतंय, चांदभाई. जेवढं होतंय तेवढं खाली छापतो.

दुरुस्ती. अकोला मुक्कामी पुतळ्याचं काम मादाम वेरा यांनी केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना ऊन लागलं होतं. ते काम मागच्या रांगेतल्या, कलकत्त्याच्या, काळ्या डोळ्यांच्या एका मुलीनं केलं आणि ते मादामपेक्षा चांगलं झालं. ते प्रेक्षकांमुळे झालं नाही, तिच्यामुळे झालं. तिच्या गळ्यात हार पडला नव्हता. तो शेख चांद वलद शेख इमाम, फुलवाले, राहणार वलगाव, यांनी घातला. तिचं नाव त्यांना माहीत होतं. प्रस्तुत लेखकाला ते पुष्कळ वेळा सांगण्यात आलं होतं.